आधार हवा, पण घर आपलं

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या आईवडिलांना एक प्रश्न झोपू देत नाही: आमच्या माघारी याचं काय? कायमची संस्था हे त्याचं एकमेव उत्तर नाही. चार-पाच जणांचं छोटं घर आणि सोबत मदतनीस, अशीही सोय होऊ शकते. त्यासाठी तयारी करून घेतात ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे व्यवसायोपचारतज्ज्ञ.

साधं चहा करणं घ्या. हात थरथरतो, तर दोन कानांचं पातेलं. गॅसची धास्ती वाटते, तर इंडक्शन शेगडी. पाण्याच्या मापासाठी पेल्यावर रंगीत पट्टी, कृतीची चित्रं ओट्यासमोर. शिकवायचं आधी हात धरून, मग नुसतं सांगून, शेवटी लांबून लक्ष ठेवून. कुठली मदत काढून घ्यायची नाही, हेही थेरपिस्टच ठरवतात: उदाहरणार्थ औषधांच्या वेळा, पैशांचे व्यवहार. नव्या घरी मुक्काम आधी एका रात्रीचा, मग आठवड्याचा. इथे घाई केली की सगळं फिसकटतं.

व्यवसायोपचाराचं देशातलं पहिलं विद्यालय कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईत सुरू केलं. अशा घरांना कायद्याचाही आधार आहे: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५ ने समाजात राहण्याचा हक्क दिला आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची ‘समर्थ-सह-घरौंदा’ ही अशा व्यक्तींच्या निवासाची योजना आहे.

पालकांनो, तुमचे हातपाय चालताहेत तोवरच ही तयारी सुरू करा.