पहिले गिऱ्हाईक कोणते?

वार्षिक निकाल तयार झाल्यावर एका मुलाचे गुण बदलले, की आपल्याला बेरीज, टक्केवारी, क्रमांक सारे पुन्हा करावे लागते. १९७८ साली हार्वर्डमध्ये व्यवस्थापनशास्त्र शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिन यांना असेच काही खटकले. फळ्यावरच्या तक्त्यातला एक आकडा बदलला, की प्राध्यापकांना पुढचे कित्येक आकडे पुसावे लागत. ब्रिकलिन यांनी बॉब फ्रँक्स्टन यांच्यासोबत 'व्हिसिकॅल्क' हे सॉफ्टवेअर तयार केले. त्यात एक आकडा बदलताच त्यावर अवलंबून असलेले सारे आकडे आपोआप बदलत. १९७९ मध्ये ते 'ॲपल-२' संगणकासाठी विक्रीला आले. किंमत होती सुमारे १०० डॉलर.

संगणक जाणणाऱ्या अनेकांना त्यात विशेष वाटले नाही. संगणक आकडेमोड करणारच! हिशेबनीस मात्र थक्क झाले. त्यांचे कित्येक तासांचे काम क्षणात होत होते. या सॉफ्टवेअरसाठी अनेकांनी त्याहून कितीतरी पट महाग असलेला संगणकही विकत घेतला.

नव्या वस्तूचे कौतुक करणारे आपल्याला पुष्कळ भेटतात. पैसे मोजतो तो मात्र ते काम रोज हाताने करून थकलेला माणूस. पहिले गिऱ्हाईक तिथेच शोधावे. आपल्या गावात असे काम कोण करते? मुलांनाच शोधायला सांगू या.