नाट्यीकरण आणि अहिराणी घरातलं मूल : नेमकं काय मोजायचं?

पीएच.डी.साठी ‘प्राथमिक मराठी अध्यापनात नाट्यीकरणाची परिणामकारकता’ असा विषय डोक्यात आहे? चांगला आहे. पण जळगाव-धुळ्यात काम करणार असाल, तर आराखडा लिहिण्याआधी मुलाची घरची भाषा बघा.

इथल्या अनेक घरांत अहिराणी बोलतात. घरी ‘माले भूक लागनी’, पुस्तकात ‘मला भूक लागली’. ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणातही खानदेशीची नोंद मराठीच्या खंडात नाही, भिली भाषांसोबत आहे. म्हणजे हे मूल ‘अशुद्ध मराठी’ बोलत नाही. एक भाषा बोलतं आणि दुसरी शिकतं. वर्गात ते गप्प बसलं, की मात्र ‘कच्चा’ असा शेरा बसतो.

आता दोन गोष्टी वेगळ्या करा.

१. पाठाचं नाट्यीकरण : संवाद पुस्तकातले, मूल ते पाठ करून म्हणतं. उच्चार सुधारतो, धीटपणा येतो. पण वाक्य त्याचं नसतं.

२. भूमिकाभिनय : प्रसंग आपण द्यायचा, वाक्य मुलाचं. समजा, केळी विकणारी आजी बँकेत गेली. बाजारात ती अहिराणी बोलते, साहेबांशी प्रमाण मराठी. भाषा बदलायला खरं कारण मिळतं आणि चूक झालीच तर ती आजीची होते, मुलाची नाही. डोरोथी हीथकोट या ब्रिटिश नाट्यशिक्षिकेने शिक्षकालाही भूमिकेत उतरवलं. गुरुजीच ‘साहेब’ झाले, तर चूक न काढता म्हणू शकतात, ‘आजी, समजलं नाही, परत सांगा.’

मग मोजायचं काय? लेखी पूर्वचाचणी-उत्तरचाचणीत हे बोलणं सापडणारच नाही. रेकॉर्डिंग करा (पालकांची संमती घेऊनच). मूल स्वतःहून किती वेळा बोललं, वाक्यं किती लांब होती आणि काही आठवड्यांनी, भूमिकेबाहेरही ते प्रमाण मराठी वापरतं का, हे तपासा. तुलनेच्या गटालाही तेवढाच वेळ साध्या गप्पांसाठी द्या. नाहीतर फरक अभिनयामुळे पडला की नुसत्या जास्त बोलण्यामुळे, हे सांगता येणार नाही.

आणि अहिराणी वाक्य ‘चूक’ या रकान्यात टाकू नका. त्याला स्वतंत्र रकाना ठेवा. नाहीतर वर्गात बसलेला ‘कच्चा’ हा शेरा तुमच्या प्रबंधातही आकडा बनून येईल.