गाणे आपले, हिशेब कुणाचा?

जलशांनी आपले गाणे कंठाकंठातून गावोगाव नेले. वामनदादा कर्डकांची (१९२२-२००४) गीते अशीच पोहोचली. आज तेच गाणे स्पॉटिफायवर न्यायचे तर गायकाला ते थेट देता येत नाही. मध्ये वितरक लागतो. आणि मध्यस्थ आला की हिशेब मागणे आलेच.

डिस्ट्रोकिड वार्षिक वर्गणी घेते, उत्पन्नात सहसा वाटा मागत नाही. पण वर्गणी थकली की गाणे उतरवले जाऊ शकते. सीडी बेबी एकदाच शुल्क घेते, मात्र उत्पन्नातले ९ टक्के ठेवते. ज्या शाहिराची मिळकत अनियमित आहे, त्याला दुसरा मार्ग सोयीचा. सतत गाणी काढणाऱ्याला पहिला.

सही करण्यापूर्वी पाहावे: ध्वनिमुद्रणाची मालकी आपलीच राहते काय? करार केव्हा मोडता येतो? प्रत्येक मुद्रणाची ओळख असलेला आयएसआरसी क्रमांक आपल्याजवळ आहे काय? वितरक बदलला तरी क्रमांक तोच ठेवावा.

वितरक देतो तो ध्वनिमुद्रणाचा पैसा. गीतकार-संगीतकाराचे मानधन वेगळे; त्यासाठी १९६९ साली स्थापन झालेल्या आयपीआरएसचे सभासद व्हावे. ध्वनिमुद्रित गीताच्या वापरातील त्यांचा समान वाटा २०१२ च्या कायदादुरुस्तीने सुरक्षित केला आहे. तो निर्मात्याला लिहून देता येत नाही.

ज्यांच्या बापजाद्यांच्या घामाची नोंद कुठल्याच वहीत झाली नाही, त्यांनी आपल्या आवाजाची नोंद तरी स्वतः ठेवावी.