पडद्यामागचा पैसा (भाग ६) : दोन रुपयांचे पाच लाख निर्माते

सरकारी अनुदान सिनेमा पूर्ण झाल्यावर, सेन्सॉरचं प्रमाणपत्र हातात आल्यावरच मिळतं, हे मागच्या भागात आपण पाहिलं. छोट्या निर्मात्याची खरी ओढाताण होते ती त्याच्या आधी. अंधेरीचा वीरा देसाई रोड, वर्सोव्याचं आरामनगर, ओशिवऱ्यातले गाळे इथे चौकशी केली तर चित्रीकरण होऊन, संकलनही होऊन अडकलेला एखादा तरी सिनेमा भेटतोच. चित्रीकरण ओळखीपाळखीवर निभावतं. कॅमेरा मित्राचा, घर मावशीचं, नट नाटकाच्या ग्रुपमधले, जेवण घरचं. पण फोली (म्हणजे पावलं, दारं यांचे आवाज नंतर भरणं), डबिंग, मिक्सिंग, कलर ही कामं शिफ्टच्या हिशेबाने होतात आणि प्रत्येक शिफ्टचे पैसे मोजावे लागतात. त्यानंतर सबटायटल्स, सेन्सॉरची फी आणि डीसीपी. डीसीपी म्हणजे थिएटरात चालणारी डिजिटल प्रत. ती हार्ड डिस्कवर जाते आणि तिच्यासोबत केडीएम नावाची एक किल्ली वेगळी पाठवावी लागते. कोणत्या पडद्यावर, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत सिनेमा चालेल, हे त्या किल्लीत ठरलेलं असतं. किल्ली नसेल तर थिएटरचा सर्व्हर फाइल उघडतच नाही. एवढ्या टप्प्यावर येऊन खिसा रिकामा झालेल्या दिग्दर्शकाला मग कोणीतरी सुचवतं, ‘क्राउडफंडिंग करून बघ ना.’

क्राउडफंडिंग म्हणजे लोकवर्गणी, आणि ती काही इंटरनेटने आणलेली नाही. आपल्याकडचं तिचं सर्वांत मोठं उदाहरण १९७६ सालचं आहे, श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’. बेनेगल त्याआधी दूध सहकारावर माहितीपट करत होते. या विषयावर पूर्ण लांबीची कथा करावी असं त्यांच्या मनात होतं, पैसे नव्हते. दूध सहकाराचे प्रणेते डॉ. वर्गीस कुरियन यांनी मार्ग काढला. गुजरातच्या दूध संघांतल्या पाच लाख सभासदांनी प्रत्येकी दोन रुपये द्यायचे. झाले दहा लाख. चित्रपटाच्या सुरुवातीलाच गुजरातचे पाच लाख शेतकरी हा चित्रपट सादर करत असल्याची पाटी येते. पटकथा विजय तेंडुलकरांची, आणि तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पार्ल्याच्या तेंडुलकरांनी लिहिलेली, गुजरातच्या गवळ्यांनी पैसे पुरवलेली, स्मिता पाटील यांनी आपल्या डोळ्यांनी उभी केलेली ही गोष्ट मराठी माणसाने थोडीशी आपलीही मानायला हरकत नाही.

पण ‘मंथन’चं नाव घेताना बहुतेकजण दोन रुपयांपाशीच थांबतात. मला महत्त्वाचं वाटतं ते त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं. दोन रुपये गोळा करायला कोणाला दारोदार फिरावं लागलं नाही. गावोगावी दूध संकलन केंद्रं होती, रोज सकाळ-संध्याकाळ सभासद तिथे येत होते, पैशांचा हिशेब तिथे होत होता. विश्वास आधीच कमावलेला होता, तोही सिनेमावाल्यांनी नव्हे, दूध संघांनी. आणि सिनेमा लागला तेव्हा हेच शेतकरी ट्रक भरभरून तो पाहायला आले. ज्यांनी पैसे दिले तेच प्रेक्षक झाले, म्हणून चित्रपट चालला. २०२४ मध्ये फिल्म हेरिटेज फाउंडेशनने त्याची दुरुस्त केलेली प्रत कान महोत्सवात दाखवली आणि नंतर ती देशातल्या थिएटरांतही लागली. अठ्ठेचाळीस वर्षांनी!

इंटरनेटवरच्या लोकवर्गणीत नेमकी हीच बाजू कच्ची राहते. दिग्दर्शक ओनीर यांच्या ‘आय ॲम’साठी (२०११) फेसबुकवरून आवाहन झालं, चारशेच्या आसपास लोकांनी हातभार लावला आणि चित्रपटाला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. बंगळूरच्या पवन कुमार यांनी कन्नड ‘लुसिया’साठी २७ दिवसांत ५१ लाख जमवले, ११० जणांकडून. खुशबू रांका आणि विनय शुक्ला यांनी आम आदमी पक्षाच्या जन्मावर ‘ॲन इन्सिग्निफिकंट मॅन’ हा माहितीपट केला. त्यांनी वीस हजार डॉलर मागितले होते, ७८२ जणांनी मिळून सुमारे एक लाख वीस हजार दिले. मुंबईच्या लोकलमध्ये घडणारी, एकही संवाद नसलेली दोन पुरुषांमधल्या ओढीची छोटी फिल्म ‘सिसक’ हीदेखील लोकांच्या पैशांतूनच उभी राहिली. अशा विषयाला दुसरीकडून पैसा मिळणं किती अवघड असतं, हे सांगायला नको.

आता हिशेब मांडून पाहा. ‘लुसिया’त माणशी सरासरी शेहेचाळीस हजारांच्या वर रक्कम पडते. ‘मंथन’मध्ये दोन रुपये. दोन्हींना आपण लोकवर्गणीच म्हणतो, पण पहिल्यात शंभरेक ऐपतदार चाहते आहेत आणि दुसऱ्यात अख्खा समाज. शंभर जणांचे पैसे सिनेमा पूर्ण करतात. तो थिएटरात दुसऱ्या आठवड्यात टिकवायला मात्र ते शंभरजण पुरत नाहीत. मोहीम यशस्वी झाली म्हणून सिनेमा यशस्वी होईल, असं धरून चालणाऱ्या तरुण दिग्दर्शकांना हे आधीच कोणीतरी सांगायला हवं.

मराठीत लोकांच्या पैशांची मोठी लाट आली ती ‘श्वास’च्या वेळी. अरुण नलावडे, दिग्दर्शक संदीप सावंत आणि सहकाऱ्यांनी तुटपुंज्या पैशांत तो उभा केला. ‘श्यामची आई’नंतर तब्बल पन्नास वर्षांनी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मराठीकडे आला, आणि २००४ मध्ये भारताकडून ऑस्करसाठी ‘श्वास’चीच निवड झाली. पंचाईत पुढे होती. लॉस एंजेलिसमध्ये खेळ लावायचे, जाहिराती द्यायच्या, ऑस्करच्या मतदारांपर्यंत पोचायचं, याला लागणारा पैसा सिनेमाच्या मूळ खर्चालाही मागे टाकणारा. तेव्हा शाळकरी मुलांनी पणत्या रंगवून विकल्या, ‘यदा कदाचित’ नाटकाच्या मंडळींनी प्रयोगाचं उत्पन्न दिलं, सिद्धिविनायक न्यासाने मदत केली, राज्य सरकारनेही रक्कम दिली. चित्रपट अंतिम पाचांत पोचला नाही. पण पणत्या विकणाऱ्या त्या मुलांच्या घरचे लोक ‘श्वास’ पाहायला थिएटरात गेले नसतील असं मला वाटत नाही. खंत एवढीच, की ती लाट ‘श्वास’पुरतीच राहिली. देणाऱ्यांची यादी, त्यांना पुढच्या सिनेमाची बातमी देणारी एखादी संस्था, असं काही त्यातून उभं राहिलं नाही.

लोकांच्या पैशांवर सिनेमा म्हटलं की कायद्याकडे पाहावंच लागतं. एके काळी शेअर विकून सिनेमासाठी पैसा उभारता येत होता. मालाडला १९३४ साली उभी राहिलेली बॉम्बे टॉकीज ही भागभांडवल असलेली रीतसर कंपनी होती. लोकांनी शेअर घेतले, नफ्यात वाटा मिळवला. अखेरच्या काळात कंपनी डबघाईला आली तेव्हा तिथल्या कामगारांनी सहकारी संस्था काढून ‘बादबान’ (१९५४) केला. दिग्दर्शक फणी मजुमदार, कलाकार अशोककुमार, देव आनंद, मीनाकुमारी. तोही बॉम्बे टॉकीजला तारू शकला नाही.

आज इंटरनेटवरून शेअर विकून असा पैसा उभारता येत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार खासगी कंपनीला वर्षाला फार तर दोनशे जणांना शेअर देऊ करता येतात, तेही जाहिरात न करता. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०१४ मध्ये यावर चर्चेसाठी मसुदा काढला होता, पण सर्वसामान्यांसाठी दार उघडलं नाही. त्यामुळे आपण जे पैसे देतो ते देणगी असते किंवा मोबदल्याच्या बोलीवर दिलेली रक्कम. मोबदला म्हणजे श्रेयनामावलीत नाव, पोस्टर, पहिल्या खेळाचं तिकीट. नफ्यात वाटा देतो, ठरावीक व्याज देतो, असं कोणी सांगू लागला तर तिथेच थांबा. २०१९ चा अनियंत्रित ठेव योजनांवरचा बंदी कायदा अशाच व्यवहारांसाठी आहे. निर्मात्यांनीही लक्षात ठेवावं, की नातेवाइकांखेरीज इतरांकडून वर्षभरात पन्नास हजारांवर भेट मिळाली तर ती सगळी रक्कम करपात्र उत्पन्नात धरली जाते. परदेशातल्या भाच्याने ‘किकस्टार्टर’ ही लोकवर्गणीची वेबसाइट सुचवली तर त्याला सांगा, की भारतातल्या निर्मात्याला तिथे मोहीम चालवता येत नाही.

मग मराठी सिनेमाने काय करावं? माझं स्पष्ट मत आहे, पैसे मागण्याआधी माणसं जोडावीत. मराठी वाचक प्रकाशनपूर्व सवलतीत पुस्तकाचे पैसे आधी भरतो आणि पुस्तकाची महिनोन्‌महिने वाट पाहतो. प्रकाशकावर भरवसा असला की तो हे आनंदाने करतो. सिनेमालाही हाच प्रेक्षक लाभू शकतो. गुजरातेतल्या दूध केंद्रांसारखी ठिकाणं आपल्या उपनगरांतही आहेत. मुलुंडचं कालिदास, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, पार्ल्याचं दीनानाथ, शिवाय वाचनालयं, ज्येष्ठ नागरिक संघ, फिल्म सोसायट्या. प्रभात चित्र मंडळासारखी संस्था १९६८ पासून मुंबईत सिनेमा पाहणारी माणसं घडवते आहे. घाटकोपरच्या एखाद्या वाचनालयात संहितेचं वाचन करा, मुलुंडला कच्च्या संकलनाची वीस मिनिटं दाखवा, लोकांचं बोलणं ऐका. त्यानंतर पाचशे रुपये मागा. असे दहा हजार लोक मिळाले तर पन्नास लाख होतात, आणि पहिल्या आठवड्याची थिएटरंही भरतात.

आणि तुमच्याकडे कोणी असे पैसे मागायला आला तर त्याला हुसकावून लावू नका, चार प्रश्न मात्र जरूर विचारा. सिनेमा कुठवर आला आहे? माझे पैसे नेमक्या कोणत्या कामाला लागतील? रक्कम पुरी झाली नाही तर परत मिळेल का? खर्चाचा हिशेब कधी दाखवणार? या चारांची सरळ उत्तरं मिळाली तर पाचशे रुपये द्या, आणि सिनेमा लागेल त्या शुक्रवारी तिकीट काढून पाहायलाही जा.