तणावर तणतण कशाला?

पावसाच्या दोन सरी कोसळल्या की कुंडीत आपण न पेरलेलं बरंच काही डोकं वर काढतं. खुरपं हातात घेतलंत? वन मिनिट! उपटण्याआधी या मंडळींचा बायोडेटा तर वाचा. एकेकाचं रेकॉर्ड बघून थक्क व्हाल!

नंबर वन व्हिलन… आणि तुमचं उटणं!

१९७७ मध्ये लेरॉय होम आणि सहकाऱ्यांचा ‘द वर्ल्ड्स वर्स्ट वीड्स’ हा जाडजूड ग्रंथ आला. जगातल्या सगळ्यांत त्रासदायक तणांची त्यात रँकिंग आहे. पहिला नंबर कोणाचा, माहीत आहे का? लव्हाळ्याचा! वरची पाती कितीही उपटा, जमिनीखालच्या गाठींतून गडी पुन्हा हजर. आणि या सुगंधी गाठी म्हणजेच दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथा. शेतात व्हिलन, अभ्यंगस्नानाला हिरो!

रनर-अप थेट बाप्पाच्या मस्तकी

दुसरा नंबर हरळीचा. म्हणजे कोणाचा? अहो, आपल्या दूर्वांचाच! शेतकऱ्याला नको नको करणारं हे गवत बाप्पाला मात्र २१च्या जुडीने हवं असतं. जगभरच्या लॉनवर आणि गोल्फच्या मैदानांवरही याच बर्म्युडा ग्रासचा थाट.

टॉप टेन? ताट टेन!

त्याच यादीत नवव्या नंबरावर घोळ आणि दहाव्यावर चाकवत! एकाची डाळ घालून भाजी, दुसऱ्याची ताकातली पातळ भाजी. जगाने बदनाम केलेल्यांना आपल्या आज्यांनी केव्हाच फोडणी दिली आहे.

घोळचा घोळ नाही, कमाल आहे

माहीत आहे का? घोळ ही चक्क हायब्रिड गाडी आहे! पाणी मुबलक असेल तर ती ऊस-मक्याच्या फास्ट पद्धतीने अन्न तयार करते. पाण्याची टंचाई आली की त्याच्या जोडीला निवडुंगाची युक्ती: रात्री कार्बन डायऑक्साइड साठवायचा, दिवसा वापरायचा. या दोन्ही यंत्रणा एकाच पेशीत चालतात, हे येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवलं. वर बोनस म्हणजे, पालेभाज्यांत दुर्मीळ असलेलं ओमेगा-३ तिच्यात भरपूर असतं.

केन्याचं अंडरग्राउंड कनेक्शन

निळ्या इवल्या फुलांचा केना सगळ्यांनी पाहिलेला असतो. पण तो जमिनीखालीही फुलतो, हे माहीत आहे का? खरंच! मातीत दडलेली ही फुलं कधी उघडतच नाहीत. आतल्या आत परागीभवन, आतल्या आत बी. वरचा केना कोणी उपटला, गुरांनी खाल्ला, तरी प्लॅन बी तयार. आता कळलं, दर पावसाळ्यात तो परत कसा येतो?

लाजाळू लाजते, पण विसरत नाही

मूळची मध्य-दक्षिण अमेरिकेची लाजाळू आपल्याकडे पार घरची झाली. २०१४ मध्ये संशोधकांनी लाजाळूच्या कुंड्या १५ सेंटिमीटरवरून पुन्हा पुन्हा खाली सोडल्या. आधी पानं मिटली. मग ‘यात धोका नाही’ हे जणू उमगलं आणि मिटणं थांबलं. हा धडा तिने जवळपास महिनाभर लक्षात ठेवला. मेंदू नाही, तरी मेमरी!

बाल्कनीतली सेलिब्रिटी

कुंडीच्या कडेने पसरणारी आंबुशी ओळखता ना? तीन दलांचं पान, पिवळं फूल, चव आंबट. पिकलेल्या शेंगेला बोट लावून बघा, बिया टणाटण उडतात! हिच्यावर पेल ग्रास ब्लू या चिमुकल्या फुलपाखराच्या अळ्या पोसल्या जातात. २०११च्या फुकुशिमा अणुअपघातानंतर किरणोत्साराचे परिणाम शोधायला जपानी संशोधकांनी याच फुलपाखराची निवड केली. आंबुशी ठेवलीत तर हा इंटरनॅशनल स्टार तुमच्या गॅलरीत अवतरू शकतो.

कॉपी करून पास!

कुंपणाच्या रुईवर प्लेन टायगर फुलपाखरू अंडी घालतं. अळ्या रुईचा विषारी चीक पचवतात, त्यामुळे मोठेपणी हे फुलपाखरू पक्ष्यांना नकोसं होतं. आता ट्विस्ट ऐका. डॅनेड एगफ्लायची मादी अगदी प्लेन टायगरसारखी दिसते. स्वतः बिनविषारी, पण फसलेले पक्षी तिलाही सोडून देतात. तिच्या अळ्या कशावर वाढतात, माहीत आहे का? घोळीवर! म्हणजे ओरिजिनल आणि डुप्लिकेट, दोघांचंही मॅटर्निटी होम तुमच्या बागेतच.

चिकटू, पण मानाचा

आघाड्याच्या बिया साडीला, सॉक्सला, कुत्र्याच्या केसांना सगळीकडे चिकटतात. फुकटात ट्रॅव्हल! १९४१ मध्ये आपल्या कुत्र्याला चिकटलेली अशीच एका रानझाडाची बोंडं पाहून स्विस इंजिनिअर जॉर्ज द मेस्त्राल यांना व्हेल्क्रोची आयडिया सुचली. आपल्याकडे श्रावणात जिवतीला आघाडा-दूर्वांची माळ असतेच.

१४० वर्षांहून लांब डुलकी

१८७९ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये प्राध्यापक विल्यम बील यांनी रानटी बियांच्या २० बाटल्या जमिनीत पुरल्या. बी किती वर्षं जिवंत राहतं, हे त्यांना बघायचं होतं. २०२१ मध्ये रात्रीच्या अंधारात एक बाटली उकरली, कारण उजेड लागला तर बिया आधीच जाग्या होतील! आणि त्यातल्या काही चक्क रुजल्या. शेवटची बाटली २१०० मध्ये निघणार आहे. तेव्हा ‘मी सगळं तण संपवलं’ असं कोणी म्हणालं तर मातीला विचारा.

ब्रेकफास्टमधलं तण

तुमच्या बाऊलमधले ओट्स पूर्वी गहू-बार्लीच्या शेतात घुसलेलं तण होते. राय या धान्याची स्टोरीही तीच. पिकात लपत-छपत ते इतके पिकासारखे झाले की माणसाने त्यांचीच शेती सुरू केली. घुसखोराचं थेट प्रमोशन!

याला मात्र नो एंट्री!

गाजर गवत. याच्याशी दोस्ती अजिबात नको. १९५०च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलेलं हे मूळचं अमेरिका खंडातलं तण बघता बघता देशभर पसरलं. त्वचेची अ‍ॅलर्जी, शिंका, दमा असे त्याचे प्रताप. एकेक झाड हजारो बिया टाकतं, म्हणून पांढरी फुलं येण्याआधीच ग्लोव्हज घालून मुळासकट उपटा. त्याची पानं फस्त करणारा मेक्सिकन भुंगाही १९८४ पासून भारतात ड्यूटीवर आहे. पानांवर पिवळट, काळ्या नक्षीचा भुंगा दिसला तर त्याला मारू नका, तो आपल्या टीममधला आहे!

तर मग, करायचं काय?

सिंपल! आधी ओळखा, मग ठरवा. गाजर गवत बाहेर. केना, घोळ, आंबुशीला एक कोपरा. पक्की ओळख पटल्याशिवाय कुठलंही रानपान तोंडात टाकू नका. त्यासाठी ऑगस्टच्या सुमारास जिल्ह्याजिल्ह्यांत भरणारे रानभाजी महोत्सव गाठा, तिथल्या जाणत्या बायकांना विचारा; त्यांच्यासारखे गुरू नाहीत. आणि या पावसाळ्यात एक कुंडी नुसती माती भरून मोकळी सोडा. काय उगवतं ते बघा, त्याचं नाव शोधा, घरातल्या मुलांनाही सांगा. बागेतला सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत मस्त शो हाच आहे!