बेडकाचा कंठ व त्यातील स्वरकोश

मृगाचा पाऊस पडून डबकी भरली, की रानबेडकांचे ओरडणे सुरू होते. बेडूक तोंड उघडून ओरडतो, अशी मुलांची समजूत असते. वस्तुतः ओरडताना बेडकाचे तोंड व नाकपुड्या मिटलेल्या असतात.

बेडकाला बरगड्या नाहीत व श्वासपटलही नाही. त्यामुळे त्याच्या श्वसनाचा भार कंठाच्या स्नायूंवर पडतो. खालच्या जबड्याच्या दोन्ही बाजूंमध्ये एक पातळ आडवा स्नायू झोळीप्रमाणे ताणलेला असतो. तो खाली गेला म्हणजे नाकपुड्यांतून हवा तोंडात येते. वर उचलला गेला म्हणजे ती फुप्फुसांत लोटली जाते. स्वस्थ बसलेल्या बेडकाचा गळा सतत हलताना दिसतो, तो यामुळेच.

ओरडताना नराच्या धडाचे स्नायू आकुंचन पावतात व फुप्फुसांतील हवा स्वरयंत्रातून तोंडात येते. तेथील स्वररज्जू कंप पावून ध्वनी उत्पन्न होतो. तोंडाच्या तळाशी असलेल्या फटींतून हवा स्वरकोशांत शिरते व ते फुगतात. स्वरकोश म्हणजे तोंडाच्या आतील अस्तराचाच बाहेर आलेला भाग होय. त्यावर पातळ स्नायू व त्वचा यांचे आवरण असते. स्वरकोश ध्वनी उत्पन्न करीत नाही. तो ध्वनी बाहेर दूरवर पसरवितो व आपल्या ताणाने हवा पुन्हा फुप्फुसांकडे परतवितो. म्हणून तीच हवा वारंवार उपयोगी पडते. रानबेडकाच्या नरास गळ्याच्या दोन्ही बाजूंस निळे स्वरकोश असतात व विणीच्या दिवसांत त्याचे अंग पिवळे होते. मादीस स्वरकोश नसतात.

हे समजावण्यासाठी बेडूक मारण्याचे कारण नाही. मुलांना ओठ मिटून गुणगुणावयास सांगावे व मध्येच नाक दाबावयास लावावे. गाल फुगतात व क्षणार्धात आवाज थांबतो. कारण हवेला जावयास जागा उरत नाही. बेडकाजवळ ती जागा आहे, तीच स्वरकोश. नंतर सायंकाळी मुलांनी वडीलधाऱ्यांसह डबक्यापासून दूर उभे राहून निरीक्षण करावे.

बेडूक पिकांवरील किडे खातो. त्याच्या तंगड्यांची परदेशी होणारी निर्यात भारत सरकारने 1987 साली बंद केली. तरीही ओरडणाऱ्या बेडकावर दगड मारणारी मुले गावोगाव आढळतात. ज्या मुलाने त्या निळ्या कोशांचे कार्य एकवार समजून घेतले, त्याचा हात दगडाकडे सहसा जाणार नाही. शिक्षकांनी पावसाळ्याच्या प्रारंभीच हा पाठ अवश्य घ्यावा.