अंतर भागिले वेग म्हणजे प्रवासाचा वेळ नव्हे

उमरग्याजवळच्या मुरुमसारख्या गावातून मूल लंडनला शिकायला निघालं की घरातले आधी फोनवर दोन शहरांमधलं अंतर बघतात. मुंबई ते लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ९००, म्हणजे आठ तास. प्रत्यक्षात जाताना साडेनऊ-दहा तास लागतात आणि येताना बहुतेक वेळा त्याहून कमी. अंतर दोन्ही वेळा तेच, मग वेळ का बदलतो? काहींचं म्हणणं असं, की पृथ्वी पूर्वेकडे फिरते, त्यामुळे पश्चिमेला जाणाऱ्या विमानाकडे लंडन आपणहून सरकत येतं. तसं असतं तर जाताना वेळ कमी लागला असता. घडतं नेमकं उलट. विषुववृत्तावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सुमारे १,६७० किलोमीटरने फिरतो, पण हवाही त्याच्याबरोबरच फिरते. फरक पडतो तो साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या जोरदार वाऱ्यांमुळे. फेब्रुवारी २०२० मध्ये असा वारा पाठीशी घेऊन ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. एरवी याच प्रवासाला सहा-सात तास जातात.

वारा रोज बदलतो हे खरं, पण अंतर तरी पक्कं आहे ना, असं कुणी विचारेल. दोन शहरांमधलं किमान अंतर पक्कं आहे. विमान किती उडेल ते नाही. भिंतीवरच्या नकाशात हैदराबाद–शिकागो सरळ रेषा उत्तर आफ्रिका आणि अटलांटिकवरून जाते, पण पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला तर तो आर्क्टिकवरून जातो. सर्वांत जवळचा मार्ग तोच, सुमारे १३,३०० किलोमीटरचा. तोही दरवेळी मोकळा मिळेलच असं नाही. २०१९ मध्ये भारताच्या बालाकोटवरील हवाई हल्ल्यानंतर पाकिस्तानने हवाई हद्द बंद केली, ती जुलैत उघडली. तोवर दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना वळसा घालावा लागला. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांवर पुन्हा तीच पाळी आली.

तिकिटावरचे आकडेही सरळ वजा करू नयेत. हिवाळ्यात मुंबईहून दुपारी दोनला निघालेलं विमान लंडनला संध्याकाळी साडेसहाला उतरलं, तर वजाबाकी साडेचार तास सांगते. लंडनचं घड्याळ साडेपाच तास मागे असल्याने प्रवास मात्र दहा तासांचा झालेला असतो. मुरुमकरांच्या हिशेबात शिवाय जमिनीवरचे तास येतात. उमरगा, हुमनाबाद, जहिराबादमार्गे शमशाबाद विमानतळ सुमारे अडीचशे किलोमीटर. मुंबई त्याच्या जवळपास दुप्पट. कलबुर्गी या दोन्हींहून कितीतरी जवळ आहे आणि तिथे २०१९ पासून विमानतळही आहे, मग तिथूनच का जाऊ नये? लंडनचं थेट विमान तिथून सुटत नाही. मध्ये विमान बदलावं लागलं, की वाचलेले रस्त्याचे तास पुढच्या विमानाची वाट बघण्यात जातात. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोहोचायचं असतं, तेही याच हिशेबात धरून गाडी सांगावी.